लांबी आधी, रंग मागून : रंगकाम शिकायला निघालेल्यांसाठी

माझ्याकडे नवा आलेला पोरगा पहिल्या दिवशी हमखास रोलर शोधतो. मी त्याच्या हातात स्क्रॅपर देतो आणि जिन्याखालची भिंत दाखवतो. संध्याकाळी तो भुवयांसकट पांढरा झालेला असतो. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला तर टिकेल असं धरायचं. मी स्वतः दहावीनंतर असाच एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. पहिले दोन महिने डब्याचं झाकण उघडून देण्यापलीकडे रंगाशी माझा संबंध आला नाही. तेव्हा चिडचिड व्हायची. आज मात्र त्याच दोन महिन्यांच्या जोरावर माझं घर चालतं.

रंगकाम किंवा फिनिशिंगचं दुसरं एखादं काम शिकावं असं मनात असेल आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर पुढचं वाचा. मी पुण्यात घरांची रंगाची उक्ती कामं घेतो, म्हणून उदाहरणं रंगाचीच जास्त येतील. आणि मथळ्यातली 'लांबी' म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करायला भरतात ती पुट्टी.

आधी काम निवडा

प्लास्टर झालं की फ्लॅटमधली पुढची बहुतेक कामं फिनिशिंगची. टाइल्सवाला, पीओपीवाला, सुतार, पॉलिशवाला येऊन जातात. या सगळ्यांच्या अधूनमधून आणि सगळ्यांच्या शेवटी रंगवाला. वायरमनने उशिरा पाडलेली खाच, सुताराच्या शिडीचा ओरखडा, कुणाचे तरी सिमेंटचे हात, हे सगळं निस्तरायचं रंगवाल्याने. डोकं पटकन तापत असेल तर हे काम जड जातं.

टाइल्सच्या कामात गुडघे आणि कंबर झिजते, पण लेव्हल बघायची नजर आणि हिशेब पक्का असेल तर त्यात पैसा बरा आहे. पीओपीत वेग लागतो. माल कालवला की दहा-पंधरा मिनिटांत घट्ट व्हायला लागतो, विचार करत बसायला वेळच नसतो. लाकडाच्या पॉलिशला उलट चिकाटी हवी. लाखेचं स्पिरिट पॉलिश कापडाच्या बोळ्याने हातावर हात, म्हणजे थरावर थर, चढवत न्यावं लागतं, आणि घाई केली की बोळा चिकटून डाग पडतो. रंगात शिरायला भांडवल सगळ्यात कमी लागतं, म्हणून गर्दीही इथेच. या गर्दीत चार पैसे जास्त मिळतात ते लांबी चांगली भरणाऱ्याला. निवड होत नसेल तर एखाद्या चालू साइटवर आठवडाभर बिगारी म्हणून जा. सगळे कारागीर एकाच छताखाली दिसतात.

शिकायच्या दोन वाटा

एक वाट कागदाची. आयटीआयमध्ये 'पेंटर जनरल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यात भिंतीशिवाय लाकूड, लोखंड, गाड्या, पाट्यांची अक्षरं असं बरंच येतं. आयटीआय करून किंवा न करता शिकाऊ उमेदवारीही करता येते. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, चारपासून पुढे असतील तर घेता येतात. २०१९ च्या सुधारणेत किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. करार करताना चालू आकडा अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर बघून घ्या. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलतं आणि ते आता थेट उमेदवाराच्या खात्यात येतात. करार पोर्टलवर नोंदवलेला असला तरच तुम्ही कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ. 'आमच्याकडे अप्रेंटिस आहे' असं कुणी तोंडी म्हणालं तर त्याला अर्थ नाही. नोंद असली की शिकताना झालेल्या इजेच्या भरपाईची जबाबदारी मालकावर येते, हे लक्षात ठेवा.

मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत पेंटर जनरल हा ट्रेड असतो. तिथे शिस्त लागते, प्रमाणपत्र मिळतं, पण शिकाल ते डबे आणि लोखंड रंगवायला. हॉलच्या भिंतीवर रोलरची रेघ न दिसू देणं तिथे शिकवत नाहीत.

दुसरी वाट उस्तादाची. आपल्याकडचे बहुतेक रंगारी याच वाटेने आलेत, कारण घरं रंगवणाऱ्या ठेकेदाराकडे माणसंच चार-पाच असतात आणि तो पोर्टलच्या भानगडीत पडत नाही. माझं मत विचाराल तर वय कमी असेल आणि घरून दोन वर्षं निघत असतील तर आयटीआय करा, पण सुट्टीत उस्तादाकडे जात राहा. घरात लगेच पैसे लागणार असतील तर सरळ उस्ताद धरा आणि कागद मागाहून करा. अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी सरकारी सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. रंगाच्या मोठ्या कंपन्याही रंगाऱ्यांसाठी छोटे वर्ग घेतात. गावातल्या रंगाच्या दुकानदाराला पुढचा वर्ग कधी आहे ते ठाऊक असतं.

उस्ताद पारखून घ्या

त्याने संपवलेलं एक घर बघायला मागा. दुपारी नको, अंधार पडल्यावर जा. मोबाइलची बॅटरी भिंतीला गाल लावल्यासारखी चिकटवून उजेड आडवा टाका. लाटा, लांबी ओढायच्या पत्र्याच्या रेघा, राहिलेले खड्डे, सगळं उघडं पडतं. मग दिव्याच्या बटणांच्या पाटीभोवती बघा. तिथे रंग लागला असेल तर या माणसाने टेप लावायचा कंटाळा केलाय, आणि तुम्हीही तोच कंटाळा शिकाल.

दुसरं, त्याचे ब्रश बघा. मुळाशी रंग वाळून केस फाकलेले ब्रश असतील तर नमस्कार करून निघा. तिसरं, त्याच्या हाताखालचे जुने पोरं आज काय करतात ते चौकशी करून काढा. पाच वर्षं झाली तरी सगळे नुसतेच घासत असतील तर तो शिकवत नाही, राबवतो.

पैशाचं पहिल्याच दिवशी बोला. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती, पगार आठवड्याचा की महिन्याचा, साइटवर माल आला नाही म्हणून काम बंद पडलं तर तो खाडा कुणाच्या अंगावर, बाहेरगावी गेलो तर जेवण-भाडं कोण देणार. विचारताना लाज वाटते, मलाही वाटायची. त्यापायी एका दिवाळीला माझा सहा आठवड्यांचा हिशेब आणि ठेकेदाराचा हिशेब यांत अकरा हजेऱ्यांचा फरक निघाला. माझ्याकडे काही लिहिलेलं नव्हतं, त्याच्याकडे वही होती. तेव्हापासून खिशात छोटी डायरी. तारीख, जागा, पूर्ण की अर्धा दिवस, घेतलेली उचल. रोज संध्याकाळी दोन ओळी. उचल शक्यतो घेऊच नका. ती फिटेपर्यंत उस्ताद बदलता येत नाही.

पहिले तीन महिने : खरवड, घास, लांबी

जुन्या भिंतीवर आधी टिचकी मारून ऐका. बद्द आवाज आला तिथे प्लास्टर सुटलंय. सुटलेला रंग, पोपडे, चुन्याचे जुने थर पक्की भिंत लागेपर्यंत खरवडायचे. 'वरून लांबी मारली की धरेल' असं कुणी म्हणेल. धरत नाही. लांबी जुन्या पोपड्याला धरते आणि पोपडा तिला घेऊन खाली येतो.

जुन्या वाड्यांत, चाळीत दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी मारून ओलं घासा, मास्क लावा, आणि त्या कपड्यांनिशी घरातल्या लेकराला उचलून घेऊ नका.

मग ओल. ही माझी स्वतःची फजिती. शिकत असताना सणाच्या घाईत एका बंगल्यातली बेडरूम मी जवळजवळ एकट्याने उरकली होती. भिंत हाताला कोरडी लागत होती. पाठीमागे बाथरूम आहे हे मी बघितलंच नाही. दीड महिन्यात जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत रंग फुगला, आत पांढरा खार. उस्तादांनी मला ओरडण्याऐवजी एक प्लास्टिकचा तुकडा आणायला लावला. फूटभर लांब-रुंद, चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवला. सकाळी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. "हात खोटं सांगतो रे, प्लास्टिक नाही," एवढंच म्हणाले. ओल असेल तर आधी प्लंबर, मग रंग. गिऱ्हाईक घाई करत असेल तर काम नाकारा, नाहीतर नाव आपलं जातं. नवीन प्लास्टरलाही निदान चार आठवडे द्या. त्यात पाणीही असतं आणि सिमेंटचा खारही.

आता लांबी. व्हाइट सिमेंटच्या पुट्टीची ४० किलोची गोणी असते. तिला साधारण साडेचौदा-पंधरा लिटर पाणी लागतं, म्हणजे वजनाच्या ३६ ते ३८ टक्के. पण नवख्याने अख्खी गोणी कालवू नये. कालवलेली लांबी अडीच-तीन तासांत वापरायची असते, आणि नवशिक्याचा हात तेवढा चालत नाही. घट्ट झालेल्या लांबीत पुन्हा पाणी घालून ती मऊ करणं हा चोरटा प्रकार सगळीकडे चालतो. अशी लांबी वाळल्यावर हाताला पिठासारखी लागते आणि वरचा रंग सुटतो. घमेल्यात पाच किलो घ्या, दहा मिनिटं नीट ढवळा. पत्र्यावर घेऊन पत्रा उभा धरला तर गोळा हळूहळू सरकला पाहिजे, धपकन पडायला नको.

भिंत आधी पाण्याने ओलसर करून घ्या, नाहीतर कोरडं प्लास्टर लांबीतलं पाणी पिऊन टाकतं. पहिला हात खालून वर ओढायचा. पत्रा भिंतीशी साधारण तीस अंशांत. जास्त उभा धरला तर लांबी सगळी निघून येते, जास्त आडवा धरला तर जाड थर राहतो. मनगट नाही, कोपर आणि खांदा हलला पाहिजे. पहिला हात वाळला की दुसरा. दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर जायचं नाही. मोठा खड्डा असेल तर तो आधी वेगळा भरून घ्यायचा. हे वाचून जमणार नाही. माझ्या पहिल्या पंधरा-वीस भिंती तरी उस्तादांनी पुन्हा ओढल्या.

वाळल्यावर घासणं. घासायच्या कागदाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. मी खरबरीत जागी १२० आणि शेवटी २२० वापरतो. कागद बोटांनी धरला तर बोटांच्या नाल्या भिंतीत उठतात, म्हणून लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. घासून झालं की कोरड्या फडक्याने धूळ झाडा, मगच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. धुळीवर मारलेला प्रायमर भिंतीला लागतच नाही. नवे पोरं सगळ्यात जास्त इथेच मार खातात, कारण कंटाळा आलेला असतो आणि समोर रंगाचा डबा दिसत असतो.

ब्रश आणि रोलर

नवा ब्रश तळहातावर आपटून सुटे केस काढा, मग पाण्यात भिजवून झटका. ऑइल पेंटला लावायचा ब्रश मात्र पाण्यात बुडवायचा नाही. रंगात फक्त केसांचा अर्धा भाग बुडवा. छताची कड, कोपरे, चौकटीच्या बाजू आधी ब्रशने कापून घ्यायच्या, याला आम्ही कटिंग म्हणतो. कटिंग वाळायच्या आत त्याला रोलर भिडवा, नाहीतर घराला चौकट काढल्यासारखी पट्टी दिसते. रोलर आधी आडवातिडवा फिरवून रंग पसरवा, मग वरपासून खालपर्यंत एकाच दिशेने हलका हात. भिंत अर्धवट सोडून चहाला जाऊ नका. कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडला गेला पाहिजे.

पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. वाचा. 'पंधरा वर्षांचा अनुभव आहे' म्हणून अंदाजाने पाणी घालणारे मी पाहिलेत आणि दोन हातांत झाकायचा रंग चार हातांत झाकताना त्यांची झालेली धावपळही पाहिली आहे.

मोजमाप शिका, नाहीतर जन्मभर हजेरीवर

उक्तं काम घ्यायचं तर माप यायला हवं. खोली १० बाय १२, उंची १० फूट. चारी भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले उंची, ४४० चौरस फूट. दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की ४०३. छत १२०. एकूण ५२३, म्हणजे जवळजवळ सव्वापाच ब्रास (शंभर चौरस फुटांचा एक ब्रास). लांबी भरलेल्या भिंतीवर साधा इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) दोन हातांना लिटरमागे १३० चौरस फुटांच्या आसपास जातो असं धरलं, तर चार लिटर लागेल.

बाजारात कार्पेटच्या, म्हणजे आतल्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या, साडेतीन पट धरायची पद्धत आहे. ती मोठ्या हॉलला बरोबर बसते. १२ बाय १८ च्या हॉलमध्ये भिंती ६००, दारं-खिडक्या ६० वजा, छत २१६, बेरीज ७५६, आणि २१६ ची साडेतीन पटही तेवढीच. पण वरची छोटी खोली घ्या. १२० ची साडेतीन पट ४२० आणि खरं काम ५२३. म्हणजे शंभराहून जास्त चौरस फूट फुकट. छोट्या खोल्यांचं घर असेल तर टेप काढून मोजा आणि मगच दर बोला.

जिवाची काळजी

शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश लांब, म्हणजे बारा फुटांना तीन फूट. खाली एक माणूस धरायला. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. बाहेरच्या भिंतीचं काम वरून टांगलेल्या पाळण्यावर किंवा परांचीवर चालतं. तिथे सुरक्षेचा पट्टा दिला तर तो पाळण्याला अडकवू नका, वर गच्चीतल्या पक्क्या आधाराला बांधलेल्या वेगळ्या दोराला अडकवा. पाळणाच तुटला तर त्याला बांधलेला पट्टा काय कामाचा? पहिलं वर्षभर तरी पाळण्यावर चढू नका. ठेकेदार 'पोरगा हलका आहे' म्हणून आग्रह करतो, नाही म्हणा.

ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनचं काम खिडक्या उघड्या ठेवून. डोकं गरगरलं की बाहेर या, दम दाखवायची ही जागा नाही. टर्पेंटाइनने हात धुवायची सवय लावून घेऊ नका, कातडी फुटते. कामाला लागण्याआधीच हाता-तोंडाला खोबरेल चोळलं तर संध्याकाळी साबणाने रंग निघतो.

नोंदणी

अठरा पूर्ण झाली की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. रंगारी, टाइल्सवाले, पीओपीवाले सगळे त्यात बसतात. वय १८ ते ६०, गेल्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदार देतो, नाहीतर ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचा अधिकारी. इथे ती डायरी पुन्हा कामाला येते. मुलांना शिष्यवृत्ती, सुरक्षेच्या साहित्याचा संच, आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख रुपये अशा योजना आहेत. नोंदणीचं शुल्क नाममात्र आहे. तरीही आमच्या भागात एका दलालाने माझ्या दोन पोरांकडून हजार-हजार रुपये उकळले आणि नूतनीकरणाचं सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी कार्ड बंद.

कधी सुरुवात करायची, आणि पुढे काय

रंगाचं वर्ष आपल्या सणांवर चालतं. कोकणात गणपतीच्या आधी घरोघर रंग निघतो, देशावर दसरा-दिवाळीच्या आधी माणूस मिळत नाही. पितृपक्षात बरेच लोक नवं काम काढत नाहीत. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंती बंद. दिवाळीच्या तोंडावर कामाला लागलात तर शिकवायला कुणाला सवड नसते, नुसते डबे उचलाल. माझ्या मते आषाढ-श्रावणात लागावं. आतली कामं संथ चालू असतात, उस्ताद जागेवर असतो, आणि सणाची धावपळ सुरू होईपर्यंत हातात लांबी आलेली असते.

मुंबई-पुण्याच्या साइटवर बरेच कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे. मोडकीतोडकी का होईना, हिंदी बोला. त्यांच्यातले काही लांबीचे हात असे आहेत की बघत राहावं.

बाहेर जायचं डोक्यात असेल तर आखाताबरोबर आता जर्मनीचंही नाव निघतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. तिथे रंगाऱ्याची शिकाऊ उमेदवारी तीन वर्षांची असते, आठवड्यातले काही दिवस शाळा आणि बाकीचे दिवस काम. जर्मन भाषा आल्याशिवाय त्या दारात उभं राहता येत नाही. आखातासाठी एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते आधी तपासा. त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो आणि आखाती देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

पहिल्या दिवशी सोबत काय न्यायचं? जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी किंवा मोठा रुमाल, एन-९५ मास्क, साधा चष्मा, डायरी-पेन्सिल, खोबरेलची छोटी बाटली आणि डबा. डब्याला झाकण घट्ट बसणारं हवं, कारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच खोलीत कुणीतरी घासत असणार.